मांडणी घट्ट, खेळ चोख

(रेडिओवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

पूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी नदीवरचा पूल येतो, फार तर पोहण्याचा तलाव. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या शहरांतून, आणि हळूहळू तालुक्याच्या गावांतूनही, ‘पूल पार्लर’ अशा पाट्या दिसू लागल्या. आत हिरव्या किंवा निळ्या कापडाचं टेबल, त्याला सहा खिसे, वर रंगीत बॉल आणि हातात लांब काठी, म्हणजे क्यू, घेतलेली तरुण मुलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पांढरा बॉल धाडकन जाऊन रंगीत बॉलच्या घोळक्यावर आदळला की खेळ सुरू झाला. मला आज बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाबद्दल. सगळे बॉल त्रिकोणी चौकटीत गोळा करायचे, दाबून एकमेकांना भिडवायचे, ठरलेल्या खुणेवर बसवायचे आणि चौकट अलगद उचलून घ्यायची. खेळाडू याला ‘रॅक लावणं’ म्हणतात. आपण त्याला डाव मांडणं म्हणू.

हे काम कुणाच्या खिजगणतीत नसतं. पार्लरमधला पोऱ्या येतो, चौकट टाकतो, दोनदा पुढे-मागे सरकवतो, उचलतो आणि निघून जातो. पण ज्या देशांत हा खेळ पैसे लावून आणि पोट भरण्यासाठी खेळला जातो, तिथे याच अर्ध्या मिनिटावरून वर्षानुवर्षं वाद झाले, नियम बदलले, नवी साधनं निघाली. डाव मांडणाऱ्याच्या हातात एवढं काय असतं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण हा प्रश्न वरवर खेळाचा असला तरी आत न्यायाचा आहे.

आधी थोडी ओळख करून देतो. बिलियर्ड्‌स, स्नूकर आणि पूल ही एकाच घरातली भावंडं. त्यांतलं स्नूकर तर आपल्याच देशात जन्मलं. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज अधिकाऱ्यानं जुन्या खेळात आणखी रंगीत बॉल घालून ते तयार केलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. बिलियर्ड्‌समध्ये १९५८ आणि १९६४ साली हौशी खेळाडूंचं जागतिक अजिंक्यपद मिळवणारे विल्सन जोन्स हे जन्मानं पुण्याचे. तेव्हा या टेबलाशी आपलं नातं काही कालपरवाचं नाही. पूल मात्र वाढलं आणि माजलं ते अमेरिकेत.

स्नूकरमध्येही पंधरा लाल बॉल त्रिकोणातच मांडतात. पण तिथे पहिला फटका मारणारा तो घोळका फोडायच्या भानगडीत पडत नाही. एका कडेला हलकेच स्पर्श करून पांढरा बॉल सुरक्षित परत आणायचा, असा त्याचा बेत असतो. पूलमध्ये नेमकं उलटं. तिथे पहिल्याच फटक्यात घोळका फोडायचा असतो आणि फोडताना निदान एक बॉल खिशात घालायचा असतो. बॉल पडला तर पुढची पाळी तुमचीच. नाही पडला तर टेबल समोरच्याचं. या पहिल्या फटक्याला ‘ब्रेक’ म्हणतात. चांगल्या खेळाडूंच्या सामन्यात ब्रेकला बॉल पडला आणि पुढचे बॉल मोकळे झाले, तर समोरचा खुर्चीवर बसून नुसता बघत राहतो. पुष्कळ स्पर्धांत जिंकणाऱ्यालाच पुढचा ब्रेक मिळतो. मग हे बघत बसणं लांबतच जातं.

पूलचे प्रकार अनेक, पण आपल्याला दोन पुरेत. ‘एट बॉल’मध्ये पंधरा बॉल त्रिकोणात बसतात, काळा आठ नंबरचा बॉल मध्यभागी, आणि मागच्या दोन कोपऱ्यांपैकी एकात पट्ट्याचा, दुसऱ्यात भरीव रंगाचा बॉल. ‘नाइन बॉल’मध्ये नऊच बॉल असतात आणि ते शंकरपाळ्याच्या आकारात मांडतात: एक, दोन, तीन, दोन, एक अशा रांगा. एक नंबरचा बॉल टोकाला, नऊ नंबरचा बरोबर मध्यावर. बाकीचे जिथे येतील तिथे. त्यांचा मुद्दाम क्रम लावायचा नाही. या प्रकारात नऊ नंबरचा बॉल नियमात बसेल असा खिशात गेला की डाव संपला. सहसा तो ब्रेकलाच पडला तरीही.

आता घट्ट मांडणीचं महत्त्व बघू. त्यासाठी एसटीच्या तिकीट खिडकीसमोरची रांग आठवा. माणसं अगदी खेटून उभी असली आणि मागून कुणी धक्का दिला, तर तो क्षणात पहिल्या माणसापर्यंत पोचतो. मधे दोन हातांची जागा असेल तर मधला माणूस आधी हेलपाटतो, तोल सावरतो आणि मग पुढच्यावर पडतो. तेही सरळ पडेल याची खात्री नाही. बॉलचंही तसंच आहे. जोरकस ब्रेकमध्ये पांढरा बॉल ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच्या वेगानं येतो. दोन बॉल एकमेकांना भिडलेले राहतात तो काळ सेकंदाचा सुमारे पाच हजारावा भाग. तेवढ्यात दोघंही मिलिमीटरच्या अंशानं दबतात आणि पुन्हा मूळ आकारावर येतात. सगळे बॉल आधीच एकमेकांना टेकलेले असतील, तर पहिला दबत असतानाच दुसरी रांग दबू लागते, तिच्यामागे तिसरी. सगळा घोळका एकाच वेळी फुटतो आणि प्रत्येक बॉलची दिशा मांडणीच्या आकारानं ठरते. जाणकार तर नुसत्या आवाजावरून सांगतात. घट्ट रॅक फुटते तेव्हा एकच कडाडणारा आवाज येतो. सैल असेल तर आवाज फुटका आणि बोथट येतो.

कुठे फट असेल तर चित्र बदलतं. फटीपलीकडच्या बॉलला धक्का उशिरा लागतो आणि वेगळ्या कोनातून लागतो. टोकाचा बॉल मागच्या दोहोंपैकी एकालाच टेकलेला असेल, तर धक्का एका बाजूला जास्त जातो, दुसऱ्या बाजूचे बॉल जागच्या जागी घुटमळतात. खेळाडूनं फटका तोच मारला, तेवढ्याच ताकदीनं, त्याच जागी मारला, तरी काल फुटलेली रॅक आज फुटत नाही. आणि ही फट किती? बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर. फट असते केसाच्या जाडीची. टेबलाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला ती दिसतही नाही.

इथे कुणी म्हणेल, मग नीट दाबून बसवा की, प्रश्न मिटला. पण गंमत अशी आहे की सगळीकडून पूर्ण घट्ट मांडणी ही जवळजवळ अशक्य गोष्ट आहे. हे समजायला आपला घरचा कॅरम बोर्ड उपयोगी पडेल. मधल्या वर्तुळात राणी ठेवून तिच्याभोवती आपण सोंगट्या लावतो. किती बसतात? बरोबर सहा. पाच लावल्या तर जागा उरते, सात मावत नाहीत. सारख्या आकाराच्या गोल वस्तूंचा हा निसर्गनियमच आहे. पण त्यात ‘सारख्या आकाराच्या’ हे शब्द महत्त्वाचे. राणी जराशी मोठी असेल तर सहा सोंगट्यांचं कडं पुरत नाही, कुठेतरी फट राहते. राणी लहान असेल तर कडं बंद होतं, पण मग त्यातली एखादी तरी सोंगटी राणीला टेकत नाही.

नाइन बॉलच्या शंकरपाळ्यात नऊ नंबरचा बॉल म्हणजे ही राणी. त्याच्याभोवती सहा बॉल, आणि पुढे-मागे एकेक. बॉलला बॉल टेकण्याच्या जागा मोजल्या तर एकूण १६ भरतात. पंधरा बॉलच्या त्रिकोणात अशा ३० जागा आहेत, आणि तिथे एक नव्हे, तीन राण्या आहेत. कारण आठ नंबरचा बॉल आणि त्याच्या मागच्या रांगेतले मधले दोन, असे तीन बॉल चहूबाजूंनी सहा-सहांनी वेढलेले असतात. बॉल अगदी तंतोतंत सारखे असतील तरच या सगळ्या जागा एकाच वेळी टेकतील. जरा लहान-मोठे असले की नऊच्या मांडणीत निदान एका जागी आणि पंधराच्या मांडणीत निदान तीन जागी फट राहणारच. हा हाताचा दोष नाही, भूमितीचा हिशेब आहे. शिवाय ही फट वाढवून दिसते. मधला बॉल बाकीच्यांपेक्षा ०.१ मिलिमीटरनं मोठा असेल आणि सगळी उणीव एकाच जागी साचली, तर तिथे ०.३ मिलिमीटरची फट पडते. चुकीची तिप्पट भरपाई!

मग बॉल सारखे का नसतात? पूर्वी ते हस्तिदंताचे असत. हस्तिदंत हवेतल्या दमटपणानं आकार बदलतो आणि प्रत्येक दात वेगळा. शिवाय हत्ती कमी होऊ लागले. म्हणून १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या फेलन आणि कॉलेंडर यांच्या कंपनीनं हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या खटपटीतूनच जॉन वेस्ली हायट यानं सेल्युलॉइडचे बॉल बनवले. आजचे चांगले बॉल फेनॉलिक रेझीनचे असतात, म्हणजे आपल्या जुन्या घरांतल्या विजेच्या काळ्या बटणांत जे बेकेलाइट असायचं, त्याच्याच कुळातले. ते मापाला फार चोख असतात. तरी आंतरराष्ट्रीय मापदंड व्यासात ०.१२७ मिलिमीटरची सूट देतोच. नव्या कोऱ्या, एकाच संचातल्या बॉलमधला फरक याहूनही पुष्कळ कमी असतो आणि त्यांची फट खेळावर परिणाम करण्याइतकी राहत नाही. पण वापर सुरू झाला की बॉल झिजतात, खडूची पूड आणि हाताचा घाम यांचा थर चढतो. पार्लरमध्ये तर एका संचातला हरवलेला बॉल दुसऱ्या संचातून आणून ठेवतात. मग कितीही दाबा, घोळका कुठेतरी तोंड उघडणारच.

दुसरा गुन्हेगार म्हणजे कापड. पाटीचा दगड कितीही सपाट असो, त्यावरचं लोकरी कापड मऊ असतं. रोज त्याच जागी बॉल बसतात आणि रोज तिथे धक्का बसतो. कापडात बारीक खळगे पडतात. बॉल तुम्ही ठेवाल तिथे न थांबता आपल्या जुन्या खळग्यात घरंगळतो. चौकट उचलली की एखादा बॉल किंचित मागे सरकलेला दिसतो, तो यामुळे. काही जण बॉल जागेवर ठेवून वरून दुसऱ्या बॉलनं ठोकतात, म्हणजे खळगा पडून तो पक्का बसेल. त्या डावापुरतं काम होतं, पण पुढच्या डावात तिथे जरा वेगळ्या मापाचा बॉल आला की तोच खळगा त्याला नको तिकडे ओढतो. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांचा सल्ला असा आहे की ठोकाठोकी शक्यतो कमी करावी आणि त्याऐवजी त्या भागातलं कापड ब्रशनं नीट झाडावं.

पार्लरमध्ये खेळणाऱ्या मुलांसाठी इथे थोडं कामाचं सांगतो. बॉल आधी कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. मांडणीच्या जागेवरची खडूची पूड झटका. चौकटीत बॉल भरले की ती खुणेच्या थोडी पुढे नेऊन मागे आणा, म्हणजे बॉल गडगडत एकमेकांशी जुळतात. मग दोन्ही हातांची बोटं मागच्या बाजूनं चौकटीच्या आत घालून सगळा घोळका पुढे, टोकाकडे दाबा. चौकटीच्या लाकडानं नव्हे, बोटांनी दाबायचं, कारण लाकूड सरळ रेषेत दाबतं आणि मधला बॉल लहान असेल तर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. टोकाचा बॉल बरोबर खुणेवर आला की हाताचा दाब हळूहळू कमी करा, झटक्यात नाही. चौकट आधी किंचित पुढे सरकवून मग वर उचला. त्यानंतर खाली वाका आणि टोकाचा बॉल मागच्या दोघांना टेकला आहे का ते बघा. मग कडेच्या रांगा, मग मध्यभाग. मागून प्रकाश येत असेल तर फटीतून तो रेघेसारखा दिसतो. हल्ली त्यासाठी मोबाइलची बॅटरीही चालते. फट दिसली तर नुसतं पुन्हा पुन्हा दाबू नका. तो बॉल जागच्या जागी थोडा फिरवा, नाही जमलं तर शेजारच्याशी अदलाबदल करा. मापातला फरक असेल तर जागा बदलल्यानं फट कमी महत्त्वाच्या ठिकाणी जाते.

आता या शेवटच्या वाक्याकडे पुन्हा बघा. फट नाहीशी झाली नाही, तिची जागा बदलली. म्हणजे डाव मांडणाऱ्या माणसाला फट कुठे जावी हे ठरवता येतं. सगळा वाद इथे सुरू होतो. आपल्याकडे म्हणतातच, ज्याच्या हाती ससा तो पारधी.

अमेरिकेत जुनी रीत अशी होती की हरलेल्यानं डाव मांडायचा आणि जिंकलेल्यानं फोडायचा. यात मोह उघडच आहे. समोरच्याचा ब्रेक वाया जावा असं ज्याला वाटतं, त्याच्याच हातात चौकट. टोकामागे केसभर फट ठेवली की काम झालं. अशा मुद्दाम सैल ठेवलेल्या रॅकला तिथे ‘स्लग रॅक’ असं नावच पडलं. मग फोडणारा वाकून तपासणार, ‘पुन्हा लाव’ म्हणणार, दुसरा चिडून पुन्हा लावणार. खेळ दहा मिनिटांचा आणि तपासणी पंधरा मिनिटांची.

त्यावर उपाय म्हणून उलटी रीत आली: ज्याचा ब्रेक, त्यानंच आपला डाव मांडावा. पहिली तक्रार संपली, पण दुसरी उभी राहिली. स्वतःसाठी मांडणाऱ्याला सैल रॅक नकोच असते असं नाही. कोणत्या दोन बॉलमध्ये किती फट ठेवली की कोणता बॉल कोणत्या खिशाकडे जातो, याचा अभ्यास करणारे निघाले. चौकट नजरेला न कळेल इतकी तिरपी लावणारे निघाले. नाइन बॉलमध्ये बाकीच्या बॉलचा क्रम ठरवायचा नाही, हा नियम. पण ब्रेकनंतर आपल्याला सोयीचे पडतील अशा ठिकाणी नेमके बॉल ‘योगायोगानं’ येऊ लागले.

आपल्या घरांत दोन भावांमध्ये भाकरीचा तुकडा वाटताना आई सांगते, एकानं मोडायची, दुसऱ्यानं उचलायची. मोडणारा मग आपोआप समान मोडतो. ही युक्ती इथे का चालत नाही? कारण भाकरीचे तुकडे दोघांनाही दिसतात. रॅकमधली फट मांडणाऱ्याला बोटांनी जाणवते, समोरच्याला डोळ्यांनी दिसत नाही. जिथे एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, तिथे रीत कोणतीही ठेवा, मापात पाप शिरायला जागा राहते. पूर्वीचे दुकानदार शेर-पायलीनं धान्य मोजायचे तेव्हा माप तेच असायचं, पण कुणी दाणे अलगद सोडायचा, कुणी दाबून भरायचा. भांडण मापाशी नव्हतं, हाताशी होतं.

तिसरा मार्ग सरळ आहे: तिऱ्हाइतानं मांडावं. मोठ्या सामन्यांत पंच मांडतात ते यासाठीच. पंचाचा हातही माणसाचाच, त्याच्याकडूनही फट राहते. पण ती फट कुणाच्या फायद्याची व्हावी असं त्याला वाटत नाही. एका डावात ती एकाला नडेल, दुसऱ्या डावात दुसऱ्याला. अडचण अशी की शेकडो खेळाडूंच्या स्पर्धेत एकाच वेळी पंचवीस-तीस टेबलं चालू असतात, तेवढे पंच आणायचे कुठून?

म्हणून हातच बाजूला सारणारी साधनं निघाली. आधी बॉल यंत्रासारखे एकत्र दाबून बसवणाऱ्या चौकटी आल्या. मग आला पातळ प्लॅस्टिकचा साचा. ‘मॅजिक रॅक’ हे त्यातलं एक प्रसिद्ध नाव. कागदासारखा पत्रा, त्यात ठरावीक अंतरावर छिद्रं. साचा खुणेवर ठेवायचा, छिद्रांत बॉल बसवायचे. छिद्रांची अंतरं अशी नेमकी असतात की बॉल आपल्या वजनानंच शेजाऱ्याकडे कलतो आणि टेकून राहतो. चौकट नाही, दाबणं नाही, उचलताना बॉल हलण्याची भीती नाही. साचा तसाच ठेवून ब्रेक मारायचा आणि बॉल पांगल्यावर तो काढून घ्यायचा. शिकाऊ मुलगा आणि मुरलेला खेळाडू, दोघांच्या हातची रॅक जवळजवळ सारखीच लागू लागली.

वाटेल, चला, न्याय झाला. पण इथे एक नवाच पेच उभा राहिला. मांडणी नेहमी सारखीच घट्ट असेल, तर तिचं फुटणंही नेहमी सारखंच होणार. नाइन बॉलच्या शंकरपाळ्याच्या दोन बाजूंच्या टोकांना जे बॉल असतात, ते घट्ट मांडणीत जवळच्या कोपऱ्यातल्या खिशाकडे जाऊ पाहतात. एकदा हे ध्यानात आलं की ताकदीची गरजच उरत नाही. २००१च्या अमेरिकेतल्या ‘यूएस ओपन’ नाइन बॉल स्पर्धेत कोरी ड्यूएल या खेळाडूनं हळू ब्रेक मारण्याचं तंत्र वापरलं आणि अंतिम सामन्यात मिका इमोनेनसारख्या कसलेल्या फिनिश खेळाडूला ११-० असं हरवलं. त्यानं कोणताही नियम मोडला नव्हता. त्यानं फक्त मांडणी वाचली होती. पण प्रेक्षकांना आणि संयोजकांना प्रश्न पडला, की ब्रेक हा डावातला जुगाराचा आणि धाडसाचा क्षण. तोच पाठ केलेल्या पाढ्यासारखा झाला तर खेळ कुठे राहिला?

म्हणजे रॅक सैल असेल तर लबाडीला वाव, आणि फारच चोख असेल तर ब्रेक पाठ होतो. यावर नियम करणाऱ्यांनी जे उपाय काढले ते मला फार शहाणपणाचे वाटतात. मांडणी पुन्हा सैल होऊ द्या, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी मांडणी घट्टच ठेवली आणि तिची जागा बदलली. अनेक मोठ्या स्पर्धांत आता खुणेवर एक नंबरचा बॉल न ठेवता नऊ नंबरचा ठेवतात. त्यामुळे सगळा घोळका सुमारे दहा सेंटिमीटर पुढे येतो, आणि टोकांचे बॉल खिशाकडे सरळ न जाता अलीकडेच कडेला आपटतात. काही ठिकाणी पांढरा बॉल कुठून मारायचा याची चौकट आखून दिली. काही ठिकाणी असा नियम आला, की ब्रेकमध्ये निदान तीन बॉल खिशात तरी गेले पाहिजेत किंवा टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडची ठरलेली रेषा तरी ओलांडली पाहिजे. म्हणजे गोंजारल्यासारखा ब्रेक चालणार नाही. एक दार बंद केलं की हुशार माणसं दुसरं शोधतात आणि नियमकर्ते त्याच्यामागे धावतात. हा पाठलाग संपणारा नाही, आणि संपू नये. खेळ त्यामुळेच जिवंत राहतो.

या सगळ्यातून माझ्या मनात राहतं ते एवढंच. न्याय्य मांडणी म्हणजे बिनफटीची मांडणी, असं आपण समजतो. पण फट राहणारच, हे भूमितीच सांगते. न्याय्य मांडणी म्हणजे जिथे ती फट कुणी मुद्दाम निवडली नाही आणि ती असली तर दोघांनाही दिसू शकते, अशी मांडणी. पहिल्या गोष्टीसाठी चांगले बॉल, स्वच्छ कापड, साचा किंवा पंच लागतो. दुसरीसाठी काहीच खर्च नाही.

आपल्या गल्लीतल्या पार्लरमध्ये प्लॅस्टिकचा साचा नसेल, पंच तर नसतोच. तिथे एक साधी रीत पाळता येईल. ज्यानं डाव मांडला त्यानं चौकट उचलल्यावर एक पाऊल मागे सरावं आणि समोरच्याला म्हणावं, ‘बघून घे.’ समोरच्यानं वाकून बघावं. फट दिसली तर आवाज न चढवता सांगावं, आणि मांडणाऱ्यानं कपाळाला आठ्या न घालता पुन्हा मांडावं. तपासणं म्हणजे संशय नव्हे, आणि तपासू देणं म्हणजे कमीपणा नव्हे. यात दहा सेकंद जातात. त्यानंतर जो हरेल त्याला निदान एवढं माहीत असेल, की तो टेबलावर हरला, मांडणीत नाही.